पाण्याच्या पाइपात हीटिंग केबल कशी घालावी

बोअर अंगणाच्या एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला आणि मधला पाइप जमिनीत जेमतेम दोन फूट खोल. कॅनडातल्या उत्तर ओंटारियोत गावाबाहेर घर घेतलंत तर ही मांडणी बघायला मिळतेच. इथे माती थोडी आणि खडक फार. आम्ही राहतो त्या सडबरीच्या आसपास कॅनेडियन शील्डचा जुना खडक अंगणातच पाठ वर काढून बसलेला असतो. दक्षिणेला टोरांटोकडे जमीन सव्वा मीटरपर्यंत गोठते असं धरून पाया आणि पाइप खाली नेतात. इकडे थंडी त्याहून खोल जाते आणि खणणारा मात्र दोन फुटांवर खडक लागला की थांबतो. जानेवारीची सरासरी उणे तेराच्या आसपास, अधूनमधून उणे तीसच्या रात्री. त्यात तो दोन फुटांचा पाइप.

मी मूळची सांगलीची. बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे पाणबुडी मोटारी, जळक्या वॉर्निशचा वास आणि मेगरचं (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राचं) हँडल यांत वाढले. पाण्यात वीज म्हटलं की माझ्या अंगावर काटा येत नाही, पण तिला किती जपावं लागतं तेही त्याच दुकानात कळलं. पाणी गोठू नये म्हणून पाइपाच्या आत विजेवर तापणारी केबल घालायचं काम मी आणि नवऱ्याने मिळून केलं. आमच्यानंतर इकडे घरं घेतलेल्या दोन-तीन मराठी कुटुंबांकडेही जाऊन केलं. तोच अनुभव इथे सविस्तर सांगते.

सगळेजण आधी केबल कोणती घेऊ ते विचारतात. केबलचा नंबर शेवटी लागतो. आधी तुमच्या पाइपाचा नकाशा हवा: तो कुठून कुठे जातो, वाटेत काय काय आहे आणि थंडी त्याला नेमकी कुठे पकडते. हे माहीत असेल तर केबल घालणं एका दुपारचं काम आहे. माहीत नसेल तर महागडी केबल निम्म्यावर अडकून बसते.

आतली केबल कुणासाठी

पाइप तळघरात, क्रॉल स्पेसमध्ये किंवा घराखाली उघडा असेल तर त्याच्या आत काही घालू नका. बाहेरून हीटिंग केबल बांधा आणि वर फोमचं वेष्टण चढवा. ते सोपं, स्वस्त आणि दुरुस्तीला हाताशी. खणणं शक्य असेल तर खणा. पाइप खोल नेता आला तर उत्तमच. तेवढं जमत नसेल तर पाइपाच्या वर दोन इंच जाडीचे एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीनचे रुंद बोर्ड आडवे टाकून माती लोटा. खालून येणारी जमिनीची ऊब हा बोर्ड धरून ठेवतो, आणि त्याला वीज लागत नाही.

आतली केबल आहे ती पुरलेल्या, खणता न येणाऱ्या लाइनसाठी. अशी लाइन बहुतेक वेळा पाऊण ते दीड इंची काळ्या पॉलिइथिलीनची असते. आपल्याकडे ठिबकच्या काळ्या नळ्या असतात त्याच जातीचा पाइप.

काहीजण नळ रात्रभर बारीक सोडून ठेवतात. वाहतं पाणी लवकर गोठत नाही हे खरं, आणि एखाद्या कडाक्याच्या रात्रीपुरतं ते चालेल. पण गावाबाहेरच्या घरांना सेप्टिक टँक असतो. रात्रंदिवस थेंबथेंब पाणी गेलं तर त्याच्या निचऱ्याच्या चरावर भार येतो, आणि थंडगार पाण्याची ती बारीक धार सांडपाण्याच्या नळीत जागच्या जागी गोठून बर्फाचा थर धरू शकते. मग एका लाइनच्या दोन लाइन गोठल्या. लेहमध्ये हिवाळ्यात पाइपच रिकामे करून टाकतात आणि पाहुण्यांना बादलीने पाणी देतात. विजेचा भरवसा नसेल तिथे तीच शहाणी पद्धत.

थंडी कुठे पकडते

शेजारी एक फिनिश वंशाचे आजोबा राहतात. सडबरीत फिनिश लोकांची जुनी वस्ती आहे, आणि थंडीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालू नये. आम्ही नवीन होतो तेव्हा बोअरपासून घरापर्यंतची वाट फावड्याने लख्ख करून ठेवायचो. आजोबांनी एकदाच सांगितलं: पाइप जिथून जातो तिथला बर्फ काढू नका, आणि त्यावर चालूही नका. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते आणि तीच जमिनीचं पांघरूण होते. तुडवून दाबला की ती हवा जाते.

म्हणूनच लाइन बहुतेक वेळा गाडीच्या वाटेखाली गोठते. तिथला बर्फ रोज काढला जातो, टायरने माती दाबली जाते आणि थंडी सरळ खाली उतरते. दुसरी जागा म्हणजे घराच्या भिंतीला लागून, जिथे पाइप वर चढून आत येतो. तिसरी बोअरच्या केसिंगजवळ. तुमच्या पाइपावर या तीन ठिकाणांपैकी कोणती आहेत ते बघून ठेवा. केबल तिथपर्यंत पोचलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट नवख्याला पटत नाही. जमिनीतली थंडी हवेच्या मागून चालते. बाहेर मार्चचं ऊन पडलेलं असतं, छपरावरून पाणी गळत असतं आणि खाली जमिनीत गोठलेला थर अजून खोल जात असतो. बरेच पाइप फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चात गोठतात ते यामुळे. २०१५ च्या फेब्रुवारीत ओंटारियोत गावोगावी लाइन गोठल्या, तेव्हाही हवा सुधारल्यावर कित्येक घरांना पाण्यासाठी थांबावं लागलं.

नकाशा

तळघरात जिथे पाइप भिंतीतून आत येतो तिथे टॉर्च घेऊन उभ्या राहा आणि पाइपावर क्रमाने काय काय बसवलंय ते कागदावर काढा. बहुतेक ठिकाणी क्रम असा असतो: भिंत, मग असल्यास चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा), मग प्रेशर स्विच आणि प्रेशर टँकचा जोड, मग घराचा मुख्य कॉक. केबल भिंतीनंतर लगेच, या सगळ्यांच्या आधी आत शिरली पाहिजे. चेक व्हॉल्व्हमधून केबल नेली तर तो पुरता बंद होणार नाही. कॉकमधून नेली तर कधीतरी कुणीतरी तो फिरवेल आणि चालू केबल कापली जाईल. हा नियम मोडायला कोणीही, अगदी अनुभवी माणसाने सांगितलं तरी ऐकू नका.

दुसऱ्या टोकाला, बोअरमध्ये पाणबुडी मोटार असेल तर केसिंगच्या आत जमिनीखाली पिटलेस अडॅप्टर असतो. उभा पाइप तिथे आडव्या लाइनला मिळतो. केबल त्याच्या फूटभर अलीकडे थांबवायची. त्याच्या खाली उभ्या पाइपात भूजलाची ऊब असते. इकडचं भूजल पाच-सात अंशांचं, गोठण्यापासून पुष्कळ लांब. तळ्यातून पाणी घेणारं घर असेल तर केबल किनाऱ्याच्या पुढे, बर्फाच्या थराच्या खाली जाईल इतकी लांब हवी, कारण किनाऱ्यालगत बर्फ तळाला टेकतो. तिथे फूट व्हॉल्व्हच्या आधी थांबा.

विहिरीची नोंद ओंटारियो सरकारकडे असते आणि ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते. बोअरची खोली, केसिंग, पाणी किती फुटांवर लागलं हे त्यात मिळेल. पाइप अंगणातून कसा वळला ते मात्र त्यात नसतं. आमच्या घराच्या आधीच्या मालकांनी 'सरळच आहे' असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो मोठ्या दगडाला वळसा घालून गेला होता. त्यामुळे तोंडी माहितीवर केबल मागवू नका, पाइपात काहीतरी घालून बघा.

यासाठी नायलॉनची फिश टेप घ्या, इलेक्ट्रिशियन कंड्युटमधून वायर ओढायला वापरतात ती. स्टीलची नको, ती पाइप आतून खरवडते. टेप ब्लीचच्या पाण्याने पुसा, टोकाला चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन बोथट करा, पुढे सांगितलंय तसा पंप बंद करून दाब शून्यावर आणा आणि पाइप उघडून आत सारा. थांबली की थोडी मागे घ्या, फिरवा, पुन्हा सारा. शेवटी जिथे ठाम थांबेल तिथे भिंतीशी खूण करा, बाहेर काढून मोजा. मोजलेलं अंतर अंगणातल्या अंतराशी जुळलं तर ती अडॅप्टरला टेकली. बरंच कमी भरलं तर वाटेत एखादा नव्वद अंशांचा कोपरा किंवा जुना जोड आहे. लांब वळणातून केबल जाते, पितळी एल्बोमधून जात नाही. मग तो जोड कुठे आहे ते अंतर मोजून तेवढीच जागा खणायची.

हे काम सप्टेंबरात करा. ऑक्टोबर शेवटचा. मागवलेली केबल यायलाही वेळ लागतो.

केबल

या कामाला स्वतःची ऊब स्वतः सांभाळणारी, म्हणजे सेल्फ-रेग्युलेटिंग केबल घ्यायची. तिच्यात दोन समांतर तांब्याच्या तारा असतात आणि मधे कार्बनमिश्रित प्लॅस्टिकचा गाभा. थंडीत हा गाभा आकसतो, कार्बनचे कण एकमेकांना जास्त टेकतात, वीज जास्त वाहते आणि ऊब वाढते. गरम झाला की तो फुगतो आणि वीज कमी होते. तीच केबल तळघराच्या उबेत कमी आणि गाडीच्या वाटेखाली जास्त तापते, कुणी सांगावं लागत नाही. ठरावीक वॉटची साधी केबल मात्र सगळीकडे सारखीच तापत राहते. गाभ्याच्या बाहेर इन्सुलेशन, त्यावर अर्थिंगसाठी तारांची जाळी आणि सगळ्यात वर पाण्यात राहणारं आवरण.

दुकानात चार गोष्टी तपासा. पहिली, पिण्याच्या पाण्याच्या आत वापरायला प्रमाणित आहे का. एनएसएफ ६१ हे त्याचं मानक, आणि ते केबलच्या कागदांवर लिहिलेलं असलं पाहिजे. पाइपाच्या बाहेर गुंडाळायची किंवा छपराच्या पन्हाळीतला बर्फ वितळवायची केबल आत घालता येत नाही. तिचं आवरण पाण्यात बुडून राहायला आणि ते पाणी कुणी प्यायला केलेलं नसतं. दुसरी, सीएसए किंवा सीयूएलचा शिक्का. ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या केबली मी कुणाच्याही पाइपात घालणार नाही. तिसरी, पाण्यातलं टोक कारखान्यात बंद केलेलं हवं. ते घरी कापून, सील करून लांबी जुळवायची नाही. म्हणून मोजमाप आधी. चौथी, इथल्या १२० व्होल्टवर चालणारी आहे का.

वॉटचं म्हणाल तर एक इंची पुरलेल्या पाइपाला मीटरमागे दहा वॉटच्या आसपासची केबल बहुतेक ठिकाणी पुरते. दीड इंची पाइप किंवा फार उथळ लाइन असेल तर उत्पादकाच्या तक्त्यात बघा. केबल आत जागा घेते, त्यामुळे पाऊण इंची पाइपात पाण्याचा जोर थोडा कमी झालेला जाणवेल. एक इंचीत फारसा कळत नाही.

बरोबर लागेल ते: केबलसोबत येणारा ग्लँड (केबल पाइपात शिरते ती जागा पाणी न गळता बंद करणारा जोड), एक इंची पितळी टी, काटेरी इन्सर्ट अडॅप्टर, प्रत्येक जोडाला दोन स्टेनलेस क्लॅम्प, टेफलॉन टेप, पाइप कटर, गरम पाण्याची किटली, कानस, दोन पाने, बादल्या, आणि खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन वंगण.

घालणं

केबल आली की गुंडाळी उलगडून हाताने चाचपडत सगळी तपासा. कुठे चीर, चपटलेली जागा, घडी दिसली तर परत पाठवा. मग मेगर लावा. एक टोक दोन्ही तारांना एकत्र, दुसरं अर्थिंगच्या जाळीला. निदान २० मेगाओम दाखवायला हवं. चांगली नवी केबल त्याहून खूप जास्त दाखवते. दोन तारांमधला रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून काही निष्कर्ष काढू नका, तो तापमानाप्रमाणे बदलतो. मेगर नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी आणा. आणि हीच मोजणी केबल घालून झाल्यावर परत करायची, कारण आत जाताना आवरण कुठे घासलं असेल तर तेव्हाच कळतं.

पंपाचा ब्रेकर पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावून चिठ्ठी डकवा. घराचा मुख्य कॉक बंद करा म्हणजे गीझर रिकामा होणार नाही. प्रेशर टँकजवळचा निचऱ्याचा नळ उघडून दाब शून्यावर आणा. काटा शून्यावर आल्याशिवाय पाना लावू नका.

आता टी कुठे आणि कशी बसवायची हे नीट समजून घ्या, सगळ्या कामाचा जीव इथे आहे. टीला दोन सरळ तोंडं आणि एक आडवं. भिंतीतून येणारा पाइप एका सरळ तोंडाला. समोरच्या सरळ तोंडाला ग्लँड. घराकडे जाणारं पाणी आडव्या तोंडातून. म्हणजे केबल नाकासमोर जाते आणि पाणी वळतं. काहीजण उलट करतात, पाणी सरळ ठेवून केबल वळवतात. मग केबल टीच्या पितळी कडेवर कायम घासत राहते. टीच्या आणि अडॅप्टरच्या आतल्या कडा आधी कानशीने गोल करा, बोटाला टोचणार नाहीत इतक्या. पितळेचा कीस धुऊन टाका.

ग्लँडचे भाग केबलवर आधीच ओवून ठेवायचे: नट, वायसर, रबर, याच क्रमाने. केबल चपटी असेल तर रबराचं भोकही चपटं असतं, ते तसंच जुळलं पाहिजे. टोकाकडून ओवायचं. केबल आत गेल्यावर लक्षात आलं तर सगळी परत बाहेर काढायची.

टी ढिली ठेवा आणि केबल सारायला सुरुवात करा. दोन माणसं लागतात. एकाने गुंडाळी सोडत केबल सरळ धरायची, पीळ पडू द्यायचा नाही. दुसऱ्याने तोंडाशी बसून हातभर हातभर सारायची. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना जसं मागून ढकलून चालत नाही, पुढच्या टोकाची चाल ओळखत जावं लागतं, तसंच हे आहे. हात ब्लीचच्या पाण्याने धुतलेले, खाली स्वच्छ प्लॅस्टिक. साबण, तेल, व्हॅसलीन काही नको. सिलिकॉन वंगण थोडंसं किंवा नुसतं पाणी. पाइपात पाणी असलं तर उलट चांगलं, केबल हलकी होते आणि सरकते.

थांबली तर जोर करू नका. अर्धा मीटर मागे, किंचित फिरवून पुन्हा पुढे. जोर केला की आत घडी पडते, आणि घडीच्या जागी गाभा तडकू शकतो. फिश टेपने मोजलेल्या लांबीपेक्षा फूटभर कमी अंतरावर केबलवर आधीच खूण करून ठेवली असेल तर ती ग्लँडशी आली की थांबायचं. फार लांब लाइन असेल, तीस-चाळीस मीटरच्या पुढे, तर सारणं कठीण होतं. तेव्हा बोअरच्या बाजूने जोड उघडून दोरीने ओढावं लागतं, आणि त्यासाठी बोअरवाल्या कंत्राटदाराला बोलवा.

हीटिंग केबल आणि साधी वायर यांचा कारखान्यातला जोड कुठे राहायला हवा हे माहितीपत्रकात बघा. आमच्या संचात तो पाइपाच्या बाहेर, कोरड्यात राहतो. ग्लँडचा नट हाताने आवळा, मग पान्याने अर्धा-पाऊण फेरा. रबर बाजूने फुगून बाहेर यायला लागलं म्हणजे जास्त झालं. पॉलिइथिलीनचं तोंड किटलीतल्या गरम पाण्यात मऊ करून काटेरी अडॅप्टरवर पूर्ण चढवा आणि दोन क्लॅम्प एकमेकांच्या उलट बाजूला स्क्रू येतील असे आवळा. ज्योत लावायची नाही.

पंप चालू करा, हवा जाऊ द्या, दाब पूर्ण होऊ द्या. ग्लँडखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवा. बारीक पाझर डोळ्यांना दिसत नाही, कागदावर लगेच उमटतो. रात्रभर ठेवून सकाळी बघा.

वीज

केबलला लाइन चढवायची ती पाइप पाण्याने भरलेला असतानाच. आणि जीएफसीआय नसलेल्या सॉकेटला ही केबल कधीही लावायची नाही. आपल्याकडच्या ईएलसीबीचा हा धाकटा, जास्त हळवा भाऊ. इथला घरगुती जीएफसीआय पाच मिलिअँपिअरच्या आसपास गळती झाली की लाइन तोडतो, आपल्याकडे ३० मिलिअँपिअरचा सर्रास असतो. तुम्ही त्याच पाण्याने आंघोळ करणार आहात, त्यामुळे इथे तडजोड नाही. काही संचांच्या प्लगमध्येच जीएफसीआय असतो. अर्थिंगची जाळी जोडलेली हवी, तिच्याशिवाय गळतीला वाटच नाही.

एक्स्टेन्शन वायर नको. सॉकेट टीपासून लांब आणि वर, आणि वायर प्लगला जाण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे कधी पाणी ओघळलंच तर ते खालच्या वळणावरून टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. नवीन सर्किट ओढायचं असेल तर ओंटारियोत इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीकडे कामाची नोंद करावी लागते. स्वतःच्या घरात मालकाला काम करायला परवानगी आहे, पण नोंद आणि तपासणी टळत नाही. विम्यासाठीही तो कागद लागतो.

जीएफसीआय पडला तर एकदा परत चढवून बघा. पुन्हा पडला तर केबलचा प्लग काढून मेगर लावा. साध्या सॉकेटवर तात्पुरती लावू असा विचारही करू नका.

पाणी

पाइप उघडला, त्यात हात घातला, म्हणजे लाइन निर्जंतुक करायलाच हवी. बिनवासाचं साधं ब्लीच वापरतात. किती घ्यायचं ते बोअरच्या व्यासावर आणि पाण्याच्या खोलीवर ठरतं आणि त्याचा तक्ता स्थानिक आरोग्य कार्यालय देतं. क्लोरीनचं पाणी बाहेरच्या नळाने अंगणात काढा, सेप्टिकमध्ये सोडू नका. तिथले जिवाणू मरतात. वास पूर्ण गेल्यावर काही दिवसांनी आरोग्य कार्यालयाकडून आणलेल्या बाटलीत नमुना द्या. अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्या.

हिवाळाभर

वीस मीटर केबल, मीटरला दहा वॉट, म्हणजे जास्तीत जास्त दोनशे वॉट. चोवीस तासांचे ४.८ युनिट, महिन्याचे १४४. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा. सेल्फ-रेग्युलेटिंग केबल गरम पाण्यातही पूर्ण बंद होत नाही, थोडी वीज खातच राहते. त्यामुळे ती वर्षभर लावून ठेवण्यात अर्थ नाही. थर्मोस्टॅट लावायचा असेल तर त्याचा सेन्सर तळघरातल्या पाइपाला बांधू नका. तिथे ऊब असते, त्याला वाटतं सगळं ठीक आहे. सेन्सर बाहेर, लाइनच्या सगळ्यात थंड भागाशी नेता आला तरच थर्मोस्टॅट कामाचा. नाहीतर हाताने चालू-बंद केलेलं बरं.

आम्ही नोव्हेंबरात जमीन कडक व्हायला लागली की प्लग लावतो आणि वसंतात घाई न करता काढतो. आजोबांचा नियम असा की जमिनीत फावडं खडक सोडून दुसऱ्या कशाला अडायचं थांबलं की प्लग काढा. तोपर्यंत एप्रिल संपलेला असतो.

केबल खरंच चालते आहे हे कळायला प्लगच्या मधे बसणारा छोटा वीज-मीटर लावा. फेब्रुवारीचा आकडा नोव्हेंबरपेक्षा चढलेला दिसला पाहिजे. शून्य दिसला तर पाणी जायच्या आधी कळलं. पहिली काही मिनिटं आकडा जास्त असतो, थंड गाभा जास्त वीज ओढतो, त्यावर जाऊ नका. महिन्यातून एकदा जीएफसीआयचं टेस्ट बटण दाबा आणि परत चढवायला विसरू नका.

वादळात लाइट गेली तर लगेच घाबरायचं कारण नाही, जमीन तासाभरात गोठत नाही. जनरेटर असेल तर दोनशे वॉट त्याला सहज झेपतात. केबल चुकून बंद राहिली आणि लाइन गोठली, तर आधी पंपाचा ब्रेकर पाडा. बंद पाइपावर मोटार फिरत राहिली तर ती तापून जाते. मग घरातला नळ उघडा, केबल चालू करा आणि काही तास थांबा.

हे वाचताना बाहेर जानेवारी असेल आणि पाइपात केबलच नसेल, तर ती बर्फात घुसणार नाही. प्लंबर बारीक नळी पाइपात सारतात, तिच्यातून कोमट पाणी पंपाने सोडतात आणि बर्फ वितळेल तशी नळी पुढे नेतात. वाट मोकळी झाली की त्याच वेळी केबल घालता येते. लाइन गोठल्याच्या दिवशीच बोलवा, महिन्याने बोलवलंत तर बर्फाचा खांब लांबलेला असतो. धातूच्या पाइपातून वेल्डिंग मशीनने करंट सोडून बर्फ वितळवणारे जुने लोक अजून भेटतात. त्याने घरांना आगी लागल्या आहेत, आणि प्लॅस्टिकच्या पाइपावर तर त्याचा उपयोगच नाही. तोवर शेजाऱ्याच्या बाहेरच्या नळावरून पिण्याच्या पाण्याचा होज आणता येतो, फक्त त्यातलं पाणी सतत वाहतं ठेवावं लागतं.

काम संपल्यावर टीच्या शेजारी पाइपावर ठळक अक्षरांत पट्टी लावा: आत विजेची केबल आहे, पाइप कापू नका, एवढ्या मीटरपर्यंत. तशीच एक बोअरच्या झाकणाच्या आत. पुढे कधी प्लंबर येईल किंवा घर विकलं जाईल, आणि तेव्हा करवत लावणाऱ्याला हे सांगायला तुम्ही तिथे नसाल. ही पट्टी अर्थातच इंग्रजीत. नकाशाचा कागद, मेगरचे दोन्ही आकडे आणि केबलची पावती घराच्या कागदांत ठेवा.